गिअरबॉक्सच्या ऑइलच्या दोन नळ्या आणि गोव्याची खारी हवा

जुन्या ऑटोमॅटिक पिकअपच्या किंवा चासीवरच्या मोठ्या गाडीच्या खाली वाकून पाहिलं, तर गिअरबॉक्सच्या कुशीतून निघून इंजिनाच्या कडेने पुढे रेडिएटरकडे गेलेल्या दोन नळ्या दिसतात. जाडी करंगळीएवढी, बाहेरून मोजली तर साधारण ८ किंवा १० मिलिमीटर. एका नळीतून गिअरबॉक्सचं तापलेलं ऑइल थंड व्हायला जातं, दुसरीतून परत येतं. सर्व्हिसच्या यादीत इंजिन ऑइल असतं, फिल्टर असतात, ब्रेक असतात. या नळ्या सहसा नसतात. म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. आणि गोव्यासारख्या किनाऱ्यावर गाडी दहा-बारा वर्षांची झाली की गिअरबॉक्स निकामी होण्याची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते.

नळी जिथे डोळ्यांना दिसते तिथे ती सहसा ठणठणीत असते. ती कुजते क्लिपच्या खाली. आणि ऑइल आणि पाणी यांच्यातली भिंत फुटते ती रेडिएटरच्या पोटात. दोन्ही जागा नजरेआड आहेत, आणि म्हणूनच दोन्हींकडे मुद्दाम जाऊन पाहावं लागतं. कसं पाहायचं, आणि बदलायची वेळ आली तर नळी, होस (रबरी लवचीक नळी) आणि कूलर कशाचे घ्यायचे, कसे बसवायचे, ते इथे सविस्तर सांगितलं आहे.

एक खुलासा आधीच. डिचोली, सांगे, कुडचडे भागात दिसणाऱ्या बहुतेक टिपरना हाताने बदलायचा गिअर असतो. त्यांच्या गिअरबॉक्समधलं ऑइल फिरत्या दातांनी उडून आतल्या आतच फिरतं, त्यामुळे या नळ्याच नसतात. हा लेख ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांसाठी आहे. मात्र नळी, होस आणि क्लिपबद्दल जे सांगितलं आहे, त्यातलं बरंचसं पॉवर स्टिअरिंगच्या परतीच्या नळीलाही लागू पडतं.

ऑइल तापतं कशामुळे

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट नसते, टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये हेच घडतं, फक्त वाऱ्याच्या जागी ऑइल असतं. दोन्ही पंखे सारख्याच वेगाने फिरत असतील तर ऑइल घुसळलं जात नाही. पण गिअरबॉक्सकडचा पंखा मागे पडला, म्हणजे गाडी चढावर हळू चालली आहे आणि इंजिन जोर लावतं आहे, की ऑइलची घुसळण होते आणि वाया गेलेली सगळी ताकद उष्णता होऊन ऑइलमध्येच उतरते. सपाट रस्त्यावर चांगल्या वेगात कन्व्हर्टर आतून लॉक होतो आणि ही घुसळण थांबते. जुन्या चार गिअरच्या गाड्यांत हे लॉक बहुधा वरच्या गिअरमध्येच लागतं. म्हणून मोल्याहून अनमोड घाट चढताना, केरीहून चोर्ला घाट चढताना किंवा काणकोणच्या वाटेवर करमळ घाटात ट्रकच्या मागे रांगत जाताना ऑइल सर्वांत जास्त तापतं. त्याहून वाईट म्हणजे बोटीचा ट्रेलर धक्क्याच्या उतारावरून वर ओढणं. जोर पूर्ण, वेग जवळजवळ शून्य, आणि पुढून वाराही नाही.

ऑइल ८० ते ९५ अंश सेल्सिअसमध्ये असलं की सगळं ठीक. घाटात थोडा वेळ १०५-११० पर्यंत गेलं तरी फार बिघडत नाही. १२० च्या पुढे ऑइल जळायला लागतं, वाल्व्हवर वार्निशसारखा थर बसतो, रबरी सील कडक होऊ लागतात. ढोबळ हिशेब असा की ८०-९५ च्या पट्ट्याच्या वर दर १० अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. त्यामुळे १२० अंशांवर रोज चालणारी गाडी आणि ९० अंशांवर चालणारी गाडी यांच्या गिअरबॉक्सच्या आयुष्यात थोडाथोडका नव्हे, कित्येक पटींचा फरक पडतो.

नळी फुटली तर किती वेळ मिळतो, तेही लक्षात घ्या. इंजिन नुसतं मंद चालू असताना चांगल्या अवस्थेतल्या कूलर नळीतून साधारण २० सेकंदांत एक लिटर ऑइल वाहतं, म्हणजे मिनिटाला तीन लिटर. गिअरबॉक्सच्या खालच्या पॅनमध्ये चार-पाच लिटर असतं. दोन मिनिटांच्या आत पॅन रिकामा होतो. गाडी वेगात असेल तर त्याच्याही आधी. डॅशबोर्डवर ऑइलची पातळी दाखवणारा दिवा जुन्या गाड्यांत नसतोच. चालकाला पहिली खूण कळते ती ही, की पॅडल दाबलं तर इंजिन ओरडतं पण गाडी पुढे जात नाही. त्या क्षणी गाडी थांबवून इंजिन बंद केलं तर गिअरबॉक्स वाचू शकतो. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ’ म्हटलं तर नाही वाचत.

मीठ, लाल माती आणि क्लिप

लोखंडाला गंज धरायला पाऊसच लागतो असं नाही. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात. ते तर याहून बरीच कमी आर्द्रता असतानाही ओल धरतात. मोरजी, हणजूण, कोलवा, बेतूल या पट्ट्यात रात्री आर्द्रता ७५ च्या वर असणं ही वर्षभरातली नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे फेब्रुवारीत, थेंबभर पाऊस नसताना, अंगणात उभ्या असलेल्या गाडीची नळी रात्री ओली आणि दुपारी कोरडी, असा रोजचा खेळ चालतो. पावसाळ्यात निदान वरचं मीठ धुऊन तरी जातं. ऑक्टोबर ते मे तेही नाही.

त्यात आपली चिऱ्याची लाल माती. बारीक, चिकट, सुकली की घट्ट बसणारी. ती क्लिपच्या फटीत जाते आणि स्पंजसारखं खारं पाणी धरून ठेवते. नळी चासीला धरून ठेवणारी क्लिप पान्याने सैल करून बाजूला केली की खाली लाल लगद्याचा एक कडा दिसतो. तो ओल्या फडक्याने पुसला तर आत तपकिरी पापुद्रे. अंगठ्याच्या नखाने पापुद्रा उचलून पाहा. खाली स्वच्छ राखाडी लोखंड लागलं तर अजून वेळ आहे. पापुद्र्याखाली पुन्हा पापुद्रा आणि खड्डा लागला, किंवा तिथे बोटाला तेलकटपणा जाणवला, तर ती नळी संपली. एक इंच पुढे त्याच नळीचा रंग नव्यासारखा असतो, आणि तिथेच पाहून माणूस फसतो.

क्लिपखेरीज आणखी चार जागा बघायच्या. बॅटरीच्या खालून जाणारा भाग, कारण वरून आम्लाचे थेंब पडतात. पुढच्या चाकाच्या मागे, जिथे चिखल थेट उडतो. नळी आडव्या बीमला घासते ती जागा. तिथे गंजाऐवजी चकचकीत सपाट घासलेला पट्टा दिसतो आणि तो गंजाइतकाच धोक्याचा. आणि होस जिथे नळीवर चढते तिथलं तोंड, कारण पाणी होसच्या ओठाखाली मुरतं. मालीम, कुटबण अशा जेट्टीवरून मासळी वाहणाऱ्या गाड्यांना बर्फाचं खारं पाणी मागून गळून थेट चासीवर येतं. त्या गाड्यांची तपासणी दर तीन महिन्यांनी करावी, वर्षातून एकदा पुरत नाही.

रेडिएटरच्या पोटातली सोलकढी

बहुतेक गाड्यांत ऑइल थंड करणारा छोटा कूलर रेडिएटरच्या टाकीच्या आतच बसवलेला असतो. त्याच्या बाहेरून इंजिनाचं पाणी, आतून गिअरबॉक्सचं ऑइल, मध्ये पातळ धातूची भिंत. ही भिंत आतून कुजली की दोन्ही एकमेकांत मिसळतात.

गाडी चालू असताना ऑइलचा दाब पाण्याहून जास्त असतो, म्हणून ऑइल पाण्यात शिरतं. गाडी बंद केली की उलट होतं. पंप थांबल्यामुळे ऑइलचा दाब उतरतो, पण तापलेल्या रेडिएटरमध्ये झाकणामुळे साधारण एक किलोचा दाब अजून अडकलेला असतो. तो पाणी आणि कूलंट ऑइलमध्ये ढकलतो. गाडी उभी राहते आणि आत बिघाड चालू राहतो.

लक्षण एकदा पाहिलं की विसरत नाही. गिअरबॉक्सच्या डिपस्टिकवर (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवर) लाल पारदर्शक ऑइलच्या जागी दुधाळ गुलाबी फेस. थेट सोलकढीचा रंग. रेडिएटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही तसाच साईसारखा थर सापडतो. झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

रंगावरून खात्री पटत नसेल तर एक जुनी परीक्षा आहे. टाकाऊ तवा बाहेर अंगणात चांगला तापवा, चूल किंवा शेगडी बंद करा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि डिपस्टिकवरचा एकच थेंब तव्यावर टाका. तडतड आवाज करत बुडबुडे फुटले तर ऑइलमध्ये पाणी आहे. नुसता पसरून धुरकट झाला तर पाणी नाही. तो तवा पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही.

सोलकढी दिसली की गाडी चालवून गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदासारख्या धाग्यांचं असतं आणि गोंदाने चिकटवलेलं असतं. पाणी आणि कूलंटमधला ग्लायकॉल त्या गोंदाला आणि अस्तराला फुगवून सोडवतो. रेडिएटर बदलून, ऑइल दोन-तीनदा बदलून काही गाड्या वाचतात, पण तेव्हाच, जेव्हा मिसळ नुकतीच सुरू झालेली असते. आठवडाभर तशीच चालवलेली गाडी बहुधा ओव्हरहॉललाच जाते. नळ्या आणि होस यांचा खर्च हजारांत असतो, ओव्हरहॉलचा लाखाच्या घरात.

हा कूलर आतून कुजतो त्याचं एक मोठं कारण आपल्याच हातात असतं. रेडिएटरमध्ये नळाचं, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ओतत राहणं. किनाऱ्याजवळच्या विहिरीत तर खारेपणाही असतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं कूलंट, आणि तेही डब्यावर लिहिलेल्या मुदतीत बदलणं, एवढं केलं तर आतली भिंत बरीच वर्षं टिकते. दहा वर्षांच्या पुढची गाडी असेल आणि रेडिएटर मूळचाच असेल, तर नळ्या बदलताना रेडिएटरही बदलावा असं आमचं स्पष्ट मत आहे. नव्या नळ्या कुजक्या कूलरला जोडण्यात अर्थ नाही.

नळी कशाची घ्यावी

मूळ नळी बहुधा लेप दिलेल्या पोलादाची असते. कंपनीची तयार वाकवलेली नळी मिळत असेल तर ती सर्वांत सोपी, कारण वळणं जशीच्या तशी बसतात. जुन्या गाड्यांना ती मिळणं अवघड होतं, तेव्हा नळी बनवावी लागते.

किनाऱ्यासाठी आमची पहिली पसंती तांबे-निकेल नळीला. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास तांबं आणि १० टक्के निकेल असतं. जहाजांत समुद्राचं पाणी खेळवणारे पाइप याच जातीच्या धातूचे असतात, त्यामुळे वास्कोसारख्या गोदीच्या गावात हा धातू अनोळखी नाही. हाताने वाकते, फ्लेअर (जोडासाठी कर्ण्यासारखं पसरवलेलं नळीचं तोंड) न चिरता होते आणि मिठाला दाद देत नाही. नुसत्या तांब्याची नळी, म्हणजे एसी आणि फ्रिजवाल्यांकडची, कधीही वापरू नये. दिसायला तशीच, पण इंजिनाच्या कंपाने ती कडक होत जाते आणि एक दिवस फ्लेअरच्या मुळाशी चिरते. स्टेनलेस स्टील गंजाला चांगली टक्कर देतं, पण घरगुती अवजाराने त्याचा फ्लेअर नीट होत नाही, कडेला बारीक चीर राहते. ते काम अनुभवी कारागिराचं. ॲल्युमिनियमची नळी पोलादी क्लिपला टेकली आणि मध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. तिच्या वाटेला जाऊ नये.

माप घेताना अंदाज चालत नाही. ८ मिलिमीटर आणि ५/१६ इंच जवळपास सारखं आहे, पण १० मिलिमीटर आणि ३/८ इंच यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर. चुकीचा नट नळीवर चढतोही आणि गळतोही. व्हर्नियर कॅलिपरने मोजा. फ्लेअरचा कोनही तपासा. गाड्यांच्या साध्या फ्लेअरचा कोन ४५ अंश, हायड्रॉलिक कामातल्या जेआयसी जोडांचा ३७ अंश. खाणपट्ट्यात हायड्रॉलिक होस बनवून देणारा दुकानदार तुम्हाला ३७ अंशांचा जोड देईल, तो त्याच्या जागी उत्तम आहे, पण ४५ च्या फ्लेअरवर कितीही आवळला तरी थेंब येत राहील.

कामाला घ्यायचं सामान साधारण असं लागतं: चार ते पाच मीटर नळी, दीड मीटर होस, आठ क्लॅम्प (होस नळीवर आवळायच्या पट्ट्या), जोड बँजो बोल्टचे (ज्याच्या पोटातून ऑइल जातं अशा पोकळ बोल्टचे) असतील तर चार नवे वॉशर, दहा-बारा नायलॉनच्या क्लिपा, आणि सहा लिटर योग्य ऑइल. अवजारांत नळी कापायचा कटर, बेंडर, फ्लेअर करायचं अवजार आणि फ्लेअर नटचा पाना. हा पाना रिंग पान्यासारखा असतो, फक्त नळी आत जायला एका बाजूने कापलेला. साध्या उघड्या तोंडाच्या पान्याने गंजलेल्या नटाचे कोपरे उडतात.

खोलताना होणारी सर्वांत महाग चूक

गाडी सपाट जमिनीवर, मागच्या चाकांना उटी (अडसर) लावून, जॅकवर नव्हे तर स्टँडवर टेकवलेली. इंजिन थंड. आदल्या संध्याकाळी प्रत्येक नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी पुन्हा एकदा.

आता रेडिएटरकडचा नट. इथे दोन पाने लागतात. एक नळीच्या नटावर, दुसरा रेडिएटरमधून बाहेर आलेल्या षटकोनी जोडावर, तो जागचा हलू नये म्हणून. एकाच पान्याने जोर लावला तर नटाबरोबर आतला जोडही फिरतो, टाकीच्या आतल्या कूलरला पीळ बसतो आणि त्याचं सील किंवा झाळ तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही. नळ्या नव्या बसतात, गाडी रस्त्यावर जाते आणि पंधरा दिवसांत सोलकढी. नट नळीवरच जाम असेल तर झटापट करू नका. नळी सरळ कापून टाका आणि नटावर सहा कोनी सॉकेट घाला. नळी तशीही टाकायचीच आहे.

जुनी नळी काढल्यावर लगेच फेकू नका. वेल्डिंगच्या जुन्या रॉडने किंवा जाड तारेने तिचा आकार उतरवा आणि नवी नळी त्याबरहुकूम वाकवा. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. १० मिलिमीटरच्या नळीला निदान ३० मिलिमीटर. त्याहून लहान वळण घेतलं की नळी आतून चपटते आणि प्रवाह आवळतो. कापलेल्या टोकाची आतली धार रीमरने साफ करा, नट आधी ओवून घ्या (हे विसरून फ्लेअर केला की पुन्हा पहिल्यापासून), मगच फ्लेअर. शेवटी नळी हवेने फुंकून दोन्ही तोंडं झाकून ठेवा. धातूचा एक कीस वाल्व्ह बॉडीत (गिअर बदलणाऱ्या वाल्व्हच्या ठोकळ्यात) गेला तर एखादा वाल्व्ह अडकून गिअर पडायचाच थांबतो.

होस ज्या टोकावर चढणार आहे, ते टोक गुळगुळीत ठेवायचं नाही. दुहेरी फ्लेअर करण्याची पहिली पायरी म्हणजे नळीच्या तोंडाला फुगीर कडं येणं. तिथेच थांबा. ते कडं होसला मागे सरकू देत नाही. गुळगुळीत नळीवर नुसत्या क्लॅम्पच्या भरवशावर बसवलेली होस गरम झाल्यावर सटकते, आणि मग वर सांगितलेली दोन मिनिटं सुरू होतात.

फ्लेअर जोडावर टेफ्लॉन टेप लावू नये. तिथे सील धातूवर धातू होतं, आट्यांवर नाही. टेपचे धागे मात्र तुटून ऑइलबरोबर आत जातात. निमुळत्या आट्यांचा जोड असेल तर पातळ सीलंट, आणि तेही पहिले दोन आटे मोकळे सोडून.

चासीवर नळीला दर ३०-४० सेंटिमीटरवर आधार द्या. क्लिप नायलॉनची, खालून उघडी, पाणी निथळेल अशी. रबराचं अस्तर असलेली लोखंडी क्लिप कंप छान शोषते, पण इथे ते रबरच खारं पाणी धरून बसतं, म्हणून ती टाळावी. इंजिन आणि चासी या दोन्हींमध्ये नळी कधीच कडक जोडू नये. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, चासी हलत नाही. मधल्या टप्प्यात लवचीक होस हवीच, आणि तिला दोन-तीन सेंटिमीटर ढील हवी.

होस आणि क्लॅम्प

होसवर ‘एसएई जे १५३२’ असा छाप शोधा. हा खास ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कूलरसाठीच्या होसचा दर्जा आहे. डिझेलची होस, पाण्याची होस, किंवा ‘ऑइलची आहे, चालते’ म्हणून दिलेली बिनछापाची होस घेऊ नका. सुरुवातीला ती नीट बसते. मग ११०-१२० अंशांत आतून फुगते, मऊ होते आणि वर्षभरात आतला थर सुटून प्रवाह अडवतो. बाहेरून तोवर तडा दिसत नाही.

सगळी नळी काढून टाकून गिअरबॉक्सपासून रेडिएटरपर्यंत लांबलचक होस टाकण्याचा सोपा मार्ग काही जण सुचवतात. तो टाळा. एक्झॉस्टजवळ ती वाळते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात उबेला इंजिनात शिरणारे उंदीर आणि घुशी रबर कुरतडतात. होस फक्त गरज आहे तेवढीच. एक्झॉस्टपासून निदान दहा सेंटिमीटर दूर, तेवढी जागा नसेल तर मध्ये पत्र्याची ढाल. हे ऑइल पेट घेतं, हे विसरू नये.

होस नळीवर २५ ते ३० मिलिमीटर आत जायला हवी आणि क्लॅम्प कड्याच्या मागे. भोकं पाडलेल्या पट्टीचा साधा वर्म क्लॅम्प रबरात रुततो. त्याऐवजी कडा वळवलेला, आतून सपाट क्लॅम्प घ्या, किंवा मूळ गाडीत असतो तसा स्प्रिंगचा. स्प्रिंगचा क्लॅम्प गरम-थंड होताना स्वतःच ताण सांभाळतो, म्हणून तो स्वस्त दिसला तरी कमी समजू नका.

जादा कूलर लावायचा का

घाट रोजचा असेल, ट्रेलर ओढायचा असेल, तर हो. एकावर एक पट्ट्या रचलेला प्लेटचा कूलर घ्या. एकाच नळीला पंख लावून वेटोळं केलेल्या कूलरपेक्षा तो तेवढ्याच आकारात जास्त उष्णता टाकतो आणि प्रवाहाला कमी अडवतो.

तो बसवायचा एसीच्या कंडेन्सरच्या पुढे, एक-दोन सेंटिमीटर अंतर ठेवून, चासीला किंवा रेडिएटरच्या चौकटीला घट्ट केलेल्या पट्ट्यांवर. रेडिएटरच्या जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या बंधांनी टांगू नका. कंपाने ते बंध जाळीच्या नळ्या घासून भोक पाडतात. तोंडं वर किंवा बाजूला असावीत. दोन्ही खाली केली तर वरच्या भागात हवा अडकून राहते.

ऑइलचा क्रम असा: गिअरबॉक्समधून रेडिएटरच्या कूलरमध्ये, तिथून जादा कूलरमध्ये, तिथून परत गिअरबॉक्समध्ये. मोठी उष्णता पाणी घेतं, उरलेली हवा. थंड प्रदेशात ऑइल गरजेपेक्षा थंड होण्याची भीती असते. गोव्यात ती नाही. जाणारी नळी कोणती हे कळायला रेडिएटरकडची एक होस सोडून तिचं तोंड आणि रेडिएटरचं मोकळं तोंड दोन बाटल्यांत धरा आणि मदतनिसाला पाच सेकंद इंजिन सुरू करायला सांगा. होसमधून ऑइल आलं तर ती गिअरबॉक्सकडून येणारी. रेडिएटरच्या तोंडातून आलं तर ती परतीची.

गिअरबॉक्स एकदा खराब होऊन दुरुस्त झाला असेल, तर जुना कूलर धुऊन पुन्हा वापरू नका. प्लेटच्या कूलरच्या आत धातूचा चुरा अडकून राहतो आणि दुरुस्त केलेल्या गिअरबॉक्समध्ये सुटतो. परतीच्या नळीवर चुंबक असलेला छोटा फिल्टर लावला तर उत्तम. पहिल्या हजार किलोमीटरनंतर तो बदला.

तापमानाचा काटा लावायचा असेल तर त्याचा सेन्सर जाणाऱ्या नळीवर, गिअरबॉक्समधून ऑइल बाहेर पडतं तिथे. घाटात काटा १२० कडे सरकला तर सुरक्षित जागी गाडी कडेला घ्या, गिअर पार्कमध्ये टाका, इंजिन बंद न करता मिनिटाला १००० ते १२०० फेऱ्यांवर चालू ठेवा. पार्कमध्ये कन्व्हर्टरची घुसळण थांबते, पंप मात्र कूलरमधून ऑइल फिरवत राहतो. पाच-सात मिनिटांत काटा उतरतो. पुढचा चढ डी मध्ये न चढता खालच्या गिअरमध्ये चढा. इंजिनाचा आवाज वाढेल, कन्व्हर्टरची घुसळण कमी होईल.

ऑइल भरणं आणि पातळी

कोणतं ऑइल, हे डिपस्टिकवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. डेक्स्रॉन ३, टोयोटाचं टी-४ किंवा डब्ल्यूएस, मित्सुबिशीचं एसपी-३, सगळी लाल असली तरी एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

जेवढं सांडलं तेवढं मोजून आधी भरा. नव्या कूलरमध्ये आणि नळ्यांत मिळून साधारण अर्धा लिटर जास्त मावतं. इंजिन सुरू करून ब्रेक दाबून ठेवा आणि गिअरचा दांडा प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा. मग दहा-पंधरा किलोमीटर चालवून ऑइल गरम झाल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये डिपस्टिक पाहा. काही कंपन्या न्यूट्रलमध्ये पाहायला सांगतात, ते पुस्तिकेत असतं. डिपस्टिक पुसायला धागे न सुटणारं फडकं घ्या. ‘थोडं जास्त असलं तर बरं’ हे इथे खोटं आहे. जास्त ऑइल फिरत्या भागांत घुसळून फेसाळतं, फेसाला दाब धरवत नाही आणि क्लच घसरू लागतात. काढलेलं ऑइल गटारात किंवा बागायतीच्या कडेला ओतू नका. डब्यात भरून, वापरलेलं ऑइल अधिकृत पुनर्वापरवाल्याकडे देणाऱ्या गॅरेजला द्या.

पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा खाली जा. प्रत्येक जोड टिश्यू पेपरने पुसा. लाल डाग आला तर तो जोड अजून बसलेला नाही. वर्म क्लॅम्प वापरले असतील तर अर्धा फेरा आवळावे लागतातच.

वर्षभर काय करायचं ते फार नाही. जेट्टीवर किंवा किनाऱ्याच्या रस्त्यावर गाडी गेली की त्याच आठवड्यात खालून गोड्या पाण्याने धुवा. क्लिपांवर पाइपचा साधा झोत पुरतो; जोराच्या दाबाचं मशीन जवळ नेलं तर माती उलट आत ठोकली जाते. पोलादी नळीवर मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, स्वच्छ करून मेणाचा किंवा लॅनोलिनचा पातळ लेप द्या. जाड काळा रबरी अंडरकोट नळ्यांवर मारू नका, त्याखाली गंज चालतो आणि दिसत नाही. आणि पाऊस संपल्यावर, चवथ होऊन ऑक्टोबर लागला की, सगळ्या क्लिपा एकदा सैल करून खालची नळी नखाने तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे, एक पाना आणि एक ओलं फडकं लागतं.